कवडशाची पाच चित्रे: पहिला डिजिटल चित्रप्रकल्प करताना आणि त्यावर अभिप्राय घेताना

रत्नागिरी जिल्ह्यातील माझ्या आजोळच्या घरात माजघराला खिडकी नव्हती. छपरावरच्या मंगलोरी कौलांच्या मधोमध एक काचेचे कौल बसवलेले होते आणि त्यातून उतरणारा कवडसा हाच त्या खोलीचा दिवसाचा दिवा होता. सकाळी तो एका भिंतीवर असे, दुपारी शेणाने सारवलेल्या जमिनीवर उतरे आणि चारच्या चहापर्यंत समोरच्या भिंतीवर चढलेला असे. घराची कौले उतरवून स्लॅब टाकायचे ठरले, तेव्हा मी त्या कवडशाची पाच डिजिटल चित्रे करायला घेतली. डिजिटल माध्यमातला माझा तो पहिलाच पूर्ण प्रकल्प होता. त्याला चार महिने लागले आणि त्यांतला जवळजवळ निम्मा काळ लोकांचे अभिप्राय घेण्यात, त्यांवर रुसण्यात आणि शेवटी दुरुस्त्या करण्यात गेला.

स्वतःचा पहिला चित्रप्रकल्प हाती घेणाऱ्यांसाठी त्या कामाचा क्रम पुढे मांडला आहे. ब्रश कसा चालवावा हे शिकवणारे साहित्य भरपूर उपलब्ध असल्याने त्याबद्दल थोडक्यातच लिहिले आहे. अभिप्राय कसा मागावा, तो कसा ऐकावा आणि त्यातले काय घ्यावे यावर मात्र सविस्तर लिहिले आहे, कारण नवशिक्याची फसगत तिथे अधिक होते.

पहिली पायरी: हेतू लिहून ठेवणे

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी कागदावर तीन-चार वाक्ये लिहावीत: हे चित्र कशाचे आहे, पाहणाऱ्याला त्यातून काय जाणवावे आणि या प्रकल्पात मुद्दाम काय करायचे नाही. माझ्या वहीत पुढील मजकूर होता: ‘माजघरातला कवडसा, दिवसाच्या पाच वेळा. खोली राहती वाटली पाहिजे. माणूस दाखवायचा नाही. जुन्या घराबद्दलचे उसासे नकोत.’ त्या वेळी हे टिपण मला केवळ औपचारिकता वाटले होते. पुढे अभिप्रायांची गर्दी झाली, तेव्हा कोणता ऐकायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवण्यासाठी माझ्यापाशी तेवढा एकच आधार होता. ‘काय करायचे नाही’ हे वाक्य कोणीही गाळू नये.

आवाका लहान ठेवावा. एकच खोली, एकाच जागेवरून पाहिलेली आणि पाच वेळा रंगवलेली, असे ठरवल्यामुळे मला यथार्थदर्शनाचे, म्हणजे जवळ-दूरचे अंतर दाखवणारे, किचकट रेखाटन एकदाच करावे लागले आणि तेच पाचही फायलींत वापरता आले. डिजिटल माध्यमाचा खरा फायदा मला इथे मिळाला. याउलट, ‘संपूर्ण घराची पंचवीस चित्रे’ असा संकल्प करून जे सुरू होते, ते बहुधा चौथ्या चित्राशी थांबते.

दुसरी पायरी: साधने आणि फाइल

सुरुवातीला महाग साधनांची गरज नसते. मी सात वर्षे जुना लॅपटॉप, पडदा नसलेला साधा पेन टॅबलेट आणि क्रिता हे मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर वापरले. पेन एका जागी फिरवायचा आणि नजर दुसऱ्या जागी ठेवायची, याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्यात निराश होऊन पडद्याचा टॅबलेट विकत घेण्याची घाई करू नये.

चित्र कधीतरी छापायचे असेल, तर फाइलचे मोजमाप पहिल्याच दिवशी ठरवावे. ए-३ आकाराच्या कागदावर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापण्यासाठी ४९६१ × ३५०८ पिक्सेल लागतात. एका पिक्सेलला चार बाइट धरले, तर पूर्ण रंगवलेला एक लेयर (चित्रात एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांपैकी एक) संगणकाच्या स्मृतीत सुमारे ७० एमबी जागा घेतो आणि वीस लेयर म्हणजे जवळपास १.४ जीबी होतात. माझे पहिले चित्र चाळीस लेयरवर गेले आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर लॅपटॉप विचार करत बसू लागला. रेखाटन, भिंती, जमीन, वस्तू, सावली आणि उजेड असे सहा-सात लेयर नावे देऊन ठेवले, तर नवशिक्याचे काम भागते. रंगांसाठी एसआरजीबी हा सर्वसाधारण प्रोफाइल, म्हणजे पडद्यांसाठीचे नेहमीचे रंगमाप, ठेवावा. काम करताना क्रिताची स्वतःची केआरए फाइल जपावी, कारण जेपीजीमध्ये लेयर राहत नाहीत आणि पुन्हा पुन्हा जतन केल्याने चित्र खराब होते.

एक चूक मी केली, ती इतरांनी टाळावी. मी रात्री काम करत असे आणि लॅपटॉपवर डोळ्यांच्या सोयीसाठी रात्रीचा पिवळसर उजेड चालू असे. पडदा पिवळा दिसत असल्याने हात नकळत निळसर रंगाकडे झुकत गेला. सकाळी पाहिले, तर माझे मे महिन्यातले माजघर महाबळेश्वरच्या पावसाळ्यातले वाटत होते. रंगकाम करताना ही सोय पूर्ण बंद ठेवावी आणि पडद्याची प्रखरता रोज सारखीच असू द्यावी.

तिसरी पायरी: संदर्भ गोळा करणे

मोबाइलवर काढलेली छायाचित्रे आवश्यक आहेत, पण पुरेशी नाहीत. आजचे मोबाइल अंधारा भाग आपोआप उजळतात आणि झगझगीत भाग दाबतात, त्यामुळे माजघरासारख्या खोलीतला उजेड-अंधाराचा मूळ ताणच छायाचित्रातून नाहीसा होतो. म्हणून प्रत्यक्ष जागी बसून, पाच-पाच मिनिटांची का होईना, पेन्सिलीची रेखाटने करावीत आणि शेजारी शब्दांत नोंद करावी: सर्वांत उजळ काय आहे, सर्वांत गडद काय आहे, सावलीत कोणता रंग तरंगतो आहे. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटची परीक्षा दिली असेल, त्यांना स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. तोच व्यायाम इथे करावा. संदर्भ न पाहता खोली एकदा आठवणीतून काढावी, मग छायाचित्राशी ताडून पाहावी. आठवणीने जे मोठे केले असेल, ते बहुधा आपल्या चित्राचे मर्म असते. माझ्या स्मरणचित्रात उतरंड, म्हणजे एकावर एक रचलेली मडकी, प्रत्यक्षापेक्षा दीडपट उंच आली होती.

मी जागेवर एकच दुपार घालवली आणि उरलेल्या चार वेळा अंदाजाने रंगवल्या. हा आळस पुढे कसा उघडा पडला, ते यथावकाश येईल.

इतरांच्या चित्रांचाही अभ्यास करावा. अंधारातल्या उजेडासाठी मी सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र पुन्हा पुन्हा पाहिले. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहात आहे. दिव्यापेक्षा त्याच्या आडोशाला धरलेल्या हाताकडे आणि चेहऱ्यावर पडलेल्या प्रकाशाकडे पाहिले, की उजेड दाखवण्यासाठी पांढरा रंग किती कमी लागतो हे कळते.

चौथी पायरी: छोटी रेखाटने आणि तीन छटा

प्रत्येक चित्राची तळहाताएवढी चार-पाच रेखाटने फक्त तीन छटांत करावीत: गडद, मध्यम आणि उजळ. या लहान आकारात जी रचना कळत नाही, ती मोठी केल्यावरही कळत नाही. रंगकाम सुरू झाल्यावर छटा तपासण्यासाठी सर्वांत वर करड्या रंगाचा एक लेयर ठेवून त्याचा मिश्रणप्रकार (खालच्या लेयरमध्ये मिसळण्याची रीत) ‘कलर’ करावा. चित्र तात्पुरते कृष्णधवल दिसते आणि लेयर बंद केला की रंग परत येतात. क्रितामध्ये ‘एम’ ही कळ दाबली, की चित्र आरशात पाहिल्यासारखे उलटे होते आणि एरवी डोळ्याला सरावलेला तिरकेपणा लगेच दिसतो. दर अर्ध्या तासाने ती दाबावी.

चित्र फार मोठे करून पाहणे ही नवशिक्याची मोठी खोड असते. मी जात्याच्या खुंट्यावर दोन संध्याकाळी घालवल्या आणि पूर्ण आकारात तो खुंटा तिळाएवढा होता. निम्म्याहून अधिक काम संपूर्ण चित्र पडद्यावर मावेल अशा आकारातच करावे.

पाचवी पायरी: कामाची नोंदवही

दररोज काम संपवताना तीन ओळी लिहाव्यात: आज काय केले, कशावर अडले, उद्या कुठून सुरुवात करायची. त्यासोबत त्या दिवसाची प्रत क्रमांक घालून जतन करावी. डिजिटल चित्रात मागे जाण्याची मुभा इतकी आहे, की आपण कोणता निर्णय कधी आणि का घेतला याचा मागमूसही राहत नाही. कागदावर निदान खोडलेल्या रेषेचा वण राहतो. नोंदवही त्या वणाचे काम करते आणि अभिप्राय ऐकताना ‘हे असे का केले?’ या प्रश्नाला खरे उत्तर देता येते. माझ्या वहीत ‘कंटाळा आला म्हणून कोनाडा तसाच सोडला’ अशीही एक नोंद आहे. नेमके त्याच कोनाड्याबद्दल दोघांनी विचारले.

सहावी पायरी: अभिप्राय कधी आणि कोणाकडे मागावा

चित्र पूर्ण झाल्यावर अभिप्राय मागितला, तर आपल्याला खरे तर शाबासकी हवी असते. अगदी सुरुवातीला मागितला, तर लोक आपल्या चित्राऐवजी त्यांच्या मनातले चित्र सांगतात. छटा आणि रचना ठरलेल्या आहेत, पण बारकावे भरलेले नाहीत, असा मधला टप्पा सर्वांत योग्य असतो, कारण तेव्हा मोठा बदलही जिवावर येत नाही. दुसरी फेरी काम संपत आल्यावर घ्यावी. दोनपेक्षा अधिक फेऱ्या नवशिक्याने घेऊ नयेत. पाचव्या फेरीपर्यंत चित्र कोणाचेच राहत नाही.

माणसे तीन प्रकारची निवडावीत. एक चित्रकलेची जाण असलेले, एक त्या विषयाची किंवा जागेची माहिती असलेले आणि एक या दोन्हींशी संबंध नसलेले. मी ज्यांना दाखवले, त्यांत एक कलाशिक्षिका होत्या, ॲनिमेशनचे काम करणारा एक मित्र होता, आई आणि मामा होते आणि दहा वर्षांची भाची होती. एकूण पाच जण पुरे झाले. चित्रे मोबाइलवर पाठवून अभिप्राय मागणे शक्यतो टाळावे. प्रत्येकाचा पडदा वेगळा, उजेड वेगळा आणि अंगठा घाईत असतो. त्या मार्गाने मला अकरा वेळा ‘मस्त’ आणि चार वेळा हात जोडलेले चित्र मिळाले.

प्रश्न आधी लिहून न्यावेत आणि ते ‘कसे वाटले?’ असे मोघम नसावेत. ‘नजर आधी कुठे गेली?’, ‘हे चित्र किती वाजताचे वाटते?’, ‘या खोलीत कोणी राहते असे वाटते का?’ या प्रश्नांची उत्तरे देताना समोरच्याला सभ्यपणा पाळावा लागत नाही आणि आपल्यालाही मनाला लावून घ्यावे लागत नाही. वेळ विचारणारा प्रश्न माझ्या दृष्टीने फार मोलाचा ठरला, कारण सकाळी नऊचे चित्र पाहून पाचांपैकी तिघांनी ‘संध्याकाळ’ असे उत्तर दिले.

सातवी पायरी: बैठक

अभिप्रायाच्या बैठकीला काही क्रम असावा लागतो, नाहीतर पहिल्या मिनिटाला कोणीतरी निकाल देतो आणि उरलेले सर्व जण त्या निकालाला पुरावे शोधत बसतात. या कामी दोन जुन्या पद्धती उपयोगी पडतात. अमेरिकी कलाशिक्षणतज्ज्ञ एडमंड फेल्डमन यांच्या पद्धतीत आधी वर्णन, मग विश्लेषण, त्यानंतर अर्थ आणि सर्वांत शेवटी मूल्यमापन असा क्रम असतो. म्हणजे ‘डावीकडे एक तिरका पांढरा पट्टा दिसतो’ हे आधी, ‘तो नजर दाराकडे नेतो’ हे नंतर, ‘त्यामुळे कोणीतरी आत येणार आहे असे वाटते’ हे त्याच्या पुढे आणि ‘हे जमले’ किंवा ‘हे फसले’ हे अगदी शेवटी. दुसरी पद्धत नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये मांडली. तिच्यात पाहणारे आधी काय लक्षात राहिले ते सांगतात, मग कलाकार स्वतः प्रश्न विचारतो, मग पाहणारे तटस्थ प्रश्न विचारतात आणि मत द्यायचे असेल तर ‘अमुक गोष्टीबद्दल माझे मत आहे, ऐकायचे आहे का?’ अशी परवानगी घेऊन देतात.

घरगुती बैठकीत हा सगळा सोपस्कार कोणी पाळणार नाही. आईला परवानगी मागायला लावणे माझ्याच्याने झाले नाही. तरीही दोन गोष्टी नक्की साधता येतात. पहिली म्हणजे प्रत्येकाकडून आधी फक्त वर्णन काढून घ्यावे. दुसरी म्हणजे प्रश्नाचा वेष घेतलेले मत ओळखावे. ‘एवढा अंधार कशाला?’ हे मत आहे, तर ‘खोलीत किती उजेड असावा असे तू ठरवले होतेस?’ हा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर देऊ लागलो, की आपण बचावाच्या पवित्र्यात जातो.

बैठकीत आपण बोलू नये, लिहावे. आणि ते समोरच्याच्याच शब्दांत लिहावे, कारण आपल्या शब्दांत लिहिताना आपण अभिप्राय सौम्य तरी करतो किंवा तिखट तरी. ॲनिमेशनवाला मित्र म्हणाला, “फोटो काढून त्याला फिल्टर लावल्यासारखं दिसतंय.” मी वही बाजूला ठेवली आणि मी प्रत्येक फटकारा कसा हाताने मारला आहे हे वीस मिनिटे त्याला समजावून सांगितले. तो बिचारा हो हो म्हणाला आणि त्यानंतर त्याने एकही उपयोगाची गोष्ट सांगितली नाही. त्याला नेमके काय खुपत होते, हे विचारायला मला पुन्हा आठवड्याने त्याच्या घरी जावे लागले.

आठवी पायरी: छाननी

अभिप्राय मिळाल्यावर निदान एक पूर्ण दिवस फाइल उघडू नये. त्यानंतर वहीत तीन रकाने आखून प्रत्येक अभिप्राय फोडून लिहावा: चित्रात जागा कोणती, तिथे काय खुपते आणि सांगणाऱ्याने सुचवलेला उपाय कोणता. हा खटाटोप अशासाठी, की पाहणाऱ्याला कुठे खुपते हे सहसा बरोबर कळते, क्वचित का खुपते हेही कळते, पण तो सुचवतो तो उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो. नवशिक्या नेमका उपाय तेवढा उचलतो, किंवा उपाय पटला नाही म्हणून तक्रारही फेकून देतो. माझ्या वहीतल्या चार उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

मित्राची तक्रार अशी होती, की कवडसा टॉर्चच्या झोतासारखा दिसतो आणि त्यामुळे सगळे कृत्रिम वाटते. त्याने सुचवलेला उपाय होता, सगळ्या चित्रावर कागदाचा खरखरीतपणा चढवण्याचा. मी तो करून पाहिला. टॉर्च तसाच राहिला, फक्त खरखरीत झाला. मग मी जमिनीवरच्या कवडशाची कडा नीट पाहिली, तर ती कोयत्याने कापल्यासारखी रंगवलेली होती. प्रत्यक्षात तसे होत नाही. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. त्यामुळे कौलापासून जमीन जितकी दूर, त्याच्या साधारण एकशेआठव्या भागाइतकी कडा विरघळते. आमचे कौल जमिनीपासून चार मीटर उंच होते, म्हणजे कडेला साडेतीन-चार सेंटिमीटरची मऊ पट्टी हवी होती. शिवाय हवेत धूर किंवा धूळ असल्याखेरीज उजेडाचा तिरका खांब दिसत नाही. मी तो पाचही चित्रांत काढला होता, कारण तो काढायला मजा येत होती. शेवटी तो फक्त अकरा वाजताच्या चित्रात ठेवला, जेव्हा शेजारच्या स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर माजघरात येत असे.

कलाशिक्षिका म्हणाल्या, “सावल्या मेल्या आहेत, निळा घाला.” निळा घातल्यावर सावल्या जिवंत झाल्या, पण परक्या वाटू लागल्या. कारण वेगळे होते. मी सावलीसाठी एक करडा लेयर घेऊन त्याचा मिश्रणप्रकार ‘मल्टिप्लाय’ केला होता. असा लेयर खालचा प्रत्येक रंग सारख्याच प्रमाणात काळवंडतो आणि आजूबाजूच्या वस्तूंवरून उडालेला प्रकाश त्यात येतच नाही. निळसर सावली उघड्या आकाशाखाली शोभते. बंद माजघरात सावलीला रंग येतो तो जमिनीवरून आणि भिंतीवरून परतलेल्या उजेडाचा. सारवलेल्या जमिनीचा हिरवट पिवळा आणि चुना उखडलेल्या जागी जांभ्याचा तांबडा, असे दोन रंग मी कवडशाच्या जवळच्या सावल्यांत हलक्या हाताने मिसळले. बाईंचे निदान अचूक होते, औषध दुसऱ्या रोग्याचे होते.

मामांनी निवृत्तीपर्यंत शाळेत भूगोल शिकवला. त्यांनी पाचही चित्रे ओळीने मांडली आणि चष्मा कपाळावर चढवत विचारले, “अगो, सूर्य कुठे उगवतो तुझ्याकडे?” मी सकाळचा कवडसा पूर्वेच्या भिंतीवर काढला होता. सूर्य पूर्वेला असताना छपरातून येणारा उजेड पश्चिमेच्या भिंतीवर पडतो आणि दिवसभरात तो पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो. नऊचे चित्र तिघांना संध्याकाळचे का वाटले, हे तेव्हा उलगडले, कारण त्या तिघांनी ते घर पाहिलेले होते. मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची असल्याने रत्नागिरीला सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास, आणि तेव्हा चार मीटर उंचीवरच्या कौलाचा कवडसा जमिनीवर तासाला साधारण मीटरभर सरकतो, हेही त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवले. हा अभिप्राय जसाच्या तसा स्वीकारावा लागला. वस्तुस्थितीची चूक दाखवली गेली, की तिथे आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. खडूने जमिनीवर दर तासाला एक रेघ ओढली असती, तर हे काम आजोळीच झाले असते.

चौथा अभिप्राय सर्वांत अवघड होता. भाची म्हणाली, “सगळे घर सोडून गेले का?” बाकीच्यांनीही वेगवेगळ्या शब्दांत तेच सुचवले, की चित्रात कोणीतरी बसलेले दाखव. आजी दाखव, मांजर तरी दाखव. माझ्या टिपणात ‘माणूस दाखवायचा नाही’ हे स्पष्ट लिहिलेले होते, त्यामुळे उपाय नाकारणे सोपे होते. पण त्याच टिपणात ‘खोली राहती वाटली पाहिजे’ असेही होते आणि ती तशी वाटत नव्हती, हे भाचीने एका वाक्यात सांगितले होते. माझ्या वस्तू संग्रहालयात मांडल्यासारख्या नीट होत्या. मग मी पाट भिंतीला टेकवून तिरका उभा केला, कळशीखाली सांडलेल्या पाण्याचा ओला डाग दाखवला आणि दोरीवर पिळलेला पंचा टाकला. मांजर आले नाही. दुसऱ्या फेरीत भाचीने विचारले, “आजी मागे विहिरीवर गेली आहे ना?”

छाननीत काही अभिप्राय पूर्णपणे सोडून द्यावे लागतात. ते सोडताना कारण वहीत लिहावे आणि ते हेतूच्या टिपणाशी जुळते का, हे पाहावे. ‘रंग जरा भडक कर, म्हणजे उठून दिसेल’ या सूचनेसमोर मी ‘मग माजघर राहणार नाही’ असे लिहिले. कारण लिहिता येत नसेल आणि तरीही अभिप्राय नकोसा वाटत असेल, तर तो दोन दिवसांनी पुन्हा वाचावा. माझ्या बाबतीत असे नकोसे अभिप्राय बहुतेक वेळा खरे निघाले. कोनाड्याचा त्यांतलाच होता.

नववी पायरी: दुरुस्ती

दुरुस्ती नेहमी फाइलच्या प्रतीवर करावी आणि एका वेळी एकच करावी. पाच बदल एकदम केले, तर चित्र कशामुळे सुधारले किंवा बिघडले हे कळत नाही. आधी वस्तुस्थितीच्या चुका, मग रचना आणि छटा, मग रंग आणि शेवटी बारकावे असा क्रम ठेवावा. मी उत्साहाच्या भरात आधी पंचा रंगवला आणि मग कवडसा दुसऱ्या भिंतीवर नेला, त्यामुळे पंच्यावरचा सगळा उजेड पुन्हा करावा लागला. प्रत्येक बदलानंतर जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून लहान आकारात पाहावी. फरक दिसत नसेल, तर तो बदल मागे घेतलेला बरा.

दहावी पायरी: छपाई आणि शेवटचे टिपण

पडदा स्वतः प्रकाश फेकतो, तर कागद फक्त पडलेला प्रकाश परतवतो, त्यामुळे छापलेले चित्र अपेक्षेपेक्षा गडद येते. माजघरासारख्या अंधाऱ्या चित्रात सावलीतले सगळे बारकावे शाईत बुडतात. पूर्ण चित्र छापण्याआधी त्याचा सर्वांत गडद आणि सर्वांत रंगीत भाग निवडून एका ए-४ कागदावर नमुना छापून घ्यावा. छपाईच्या चार शाईंना पडद्यावरचे काही झगझगीत रंग गाठता येत नाहीत. माझा जांभ्याचा तांबडा पहिल्या नमुन्यात विटकरी झाला आणि सावल्या दोन वेळा उजळाव्या लागल्या. छपाईवाल्याच्या दुकानात घाई असते, तरी नमुना दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

काम संपल्यावर आठवडाभरात एक शेवटचे टिपण लिहावे आणि ते सुरुवातीच्या हेतूच्या टिपणाशेजारी ठेवावे. ठरवले होते त्यातले काय उतरले, काय उतरले नाही आणि न ठरवता काय आले, एवढे तीन प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत. उतरले नाही त्याखाली मी उतरंडीचे नाव लिहिले, कारण ती पाचही चित्रांत प्रत्यक्षापेक्षा उंचच राहिली. आईने दोन्ही फेऱ्यांत ते दाखवून दिले होते आणि दोन्ही वेळा मी तिच्या म्हणण्यासमोर नकाराचे कारण लिहिले नव्हते, दुरुस्तीही केली नव्हती. न ठरवता आले त्याखाली कळशीखालचा ओला डाग लिहिला. केआरए फाइल, छपाईसाठी सगळे लेयर एकत्र केलेली सपाट प्रत, नोंदवहीची छायाचित्रे आणि ही दोन्ही टिपणे एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याची एक प्रत लॅपटॉपबाहेर दुसऱ्या डिस्कवर काढावी.